तक्ता

तक्ता मीच लिहितो. पांढरा पुठ्ठा, निळं स्केचपेन,
डावीकडं सोळा पोरी, मग आठ, मग चार, मग दोन,
आणि उजव्या टोकाला एक रिकामा चौकोन.
पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं रकाने आखले,
त्याचा हा एवढाच उपयोग, असं सचिव म्हणतात, हसून.

मानांकनं वरून छापून येतात.
परभणीत त्यांचं काही चालत नाही.
सात वर्षांत सात विजेत्या.
पहिल्या सालची दुसऱ्या साली पहिल्याच फेरीत गेली.
एक तर पात्रता फेरीतून आली, उसन्या बुटांत,
आणि करंडक पिशवीत घालून पाचच्या एस्टीनं परतली.
स्टेडियमसमोरचा पानवाला रज्जाक म्हणतो,
मटक्याचा आकडा सांगेन, या पोरींचा नाही.

औंदा अंतिम सामन्याला
वर पहिलं मानांकन, कृत्तिका लोमटे, लातूर.
खाली नुजहत इनामदार, मानवत,
जिला मानांकन नाही, प्रशिक्षक नाही,
जिनिंगची भिंत आहे.
भिंत कधी चुकत नाही काका, ती म्हणाली होती,
माणसं चुकतात, म्हणून बरं वाटतं खेळायला.

एप्रिल. सकाळचे साडेदहा आणि पारा बेचाळीस.
चुन्याच्या रेषा डोळ्यांत खुपत होत्या.
तिसरा सेट, पाच-तीन, चाळीस-पंधरा, सर्व्हिस लोमटेची.
लोमटे चेंडू सात वेळा आपटते. मोजून सात.
सातवा आपटला. वर उडवला.
आम्ही सगळे वर बघत होतो.
चेंडू उन्हात विरघळला, परत दिसला,
खाली आला, एक टप्पा, दुसरा टप्पा,
मग आम्ही खाली बघितलं.

ऊन लागलं, कुणी म्हणालं, कांदा आणा.
चेंडू वेचणाऱ्या भाच्याचा डबा घेऊन
सिव्हिलच्या साळवे सिस्टर आल्या होत्या.
त्यांनी मनगट धरलं, मानेला बोटं लावली,
ऊन नाही हे, म्हणाल्या,
आणि छातीवर दोन्ही तळवे टेकवले.
एक दोन तीन चार, मोठ्यानं, तीसपर्यंत, परत एक.
दिवसभर मी आकडे ऐकतो, पंधरा, तीस, चाळीस.
हे मोजणं वेगळं होतं. यात कुणी पुढं नव्हतं.

नुजहत जाळीखालून आली, रॅकेट तिकडंच टाकून,
आणि तिनं लोमटेचे पाय धरले, का कोण जाणे, घट्ट.
मला काहीच येत नाही.
मी खिळ्यावरून तक्ता काढला
आणि तिच्या तोंडावर सावली धरली.
सोळा नावांची सावली.
हात थरथरला की गालावरून सरकायची.
एकशे आठ अकरा मिनिटांनी आली.

दुपारी सचिव म्हणाले, पूर्ण करा ते.
चौकोनात नुजहतचं नाव लिहिलं. आठवी.
लोमटेच्या नावापुढं, पद्धतीप्रमाणं: निवृत्त.
एकोणीस वर्षांचं लेकरू, निवृत्त.
मला त्या शब्दाबरोबर नारळ, शाल
आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं.
नुजहत म्हणाली, काका, ते खोडा.
म्हटलं, खोडता येत नाही.
म्हणाली, मग माझं खोडा.

रात्री नांदेडच्या दवाखान्यातून तिच्या वडिलांचा फोन.
ठोक्यांची एक तार जन्मापासून सैल आहे म्हणतात.
शुद्धीवर आली. सारखं एकच विचारते,
सर्व्हिस आत पडली का?

मी चष्मा लावला, नियमांचं पुस्तक काढलं.
चेंडू उडवला आणि रॅकेट फिरवलीच नाही,
तर ती चूक धरत नाहीत.
पुन्हा उडवावा.
एवढं वाचून दाखवलं. सांगतो, ते म्हणाले.
फोन मात्र त्यांनी ठेवला नाही, मीही नाही.
पलीकडं कसलंतरी यंत्र वाजत होतं, टक, टक.
मी मोजायला लागलो.
सातच्या पुढं गेलं.